समुद्रावरील पहारा आणि किनाऱ्यावरील न्याय

खुल्या समुद्रावर कोणत्याही एका राष्ट्राची सत्ता चालत नाही. मग तेथे व्यापारी जहाज लुटले गेले, खलाशी ओलीस धरले गेले, तर त्यांच्या रक्षणाला कोणी धावावे? संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराने याचे उत्तर दिले आहे. खुल्या समुद्रात कोणत्याही राष्ट्राची युद्धनौका चाच्यांना पकडू शकते आणि त्या राष्ट्राचे न्यायालय त्यांचा न्याय करू शकते. या तत्त्वाची मोठी कसोटी सोमालियाच्या किनाऱ्यालगत लागली.

१९९१ मध्ये सोमालियातील मध्यवर्ती सत्ता कोसळली. किनाऱ्याला रखवालदार उरला नाही. परकीय जहाजांच्या बेकायदा मासेमारीने स्थानिक मच्छीमार संतापले. या असंतोषाच्या आडून सशस्त्र टोळ्यांनी खंडणीचा धंदा उभारला आणि सुएझ कालव्याकडे जाणारा एडनच्या आखातातील मार्ग धोक्यात आला.

जून २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १८१६ संमत केला. सोमालियाच्या हंगामी सरकारच्या संमतीने त्या देशाच्या सागरी हद्दीतही चाच्यांचा पाठलाग करण्याची मुभा त्यामुळे मिळाली. डिसेंबर २००८ मध्ये युरोपीय संघाची ‘अटलांटा’ मोहीम, तर जानेवारी २००९ मध्ये बहुराष्ट्रीय ‘संयुक्त कृती दल १५१’ कार्यरत झाले. नाटोही या कामात उतरली. भारतीय नौदलाने ऑक्टोबर २००८ पासूनच गस्त सुरू केली होती. भारत, चीन व रशिया स्वतंत्रपणे वावरत. तरीही सर्वांमध्ये माहितीची देवाणघेवाण होत असे. व्यापारी जहाजांसाठी संरक्षित मार्ग आखला गेला, अनेक जहाजांवर सशस्त्र रक्षक आले. आंतरराष्ट्रीय सागरी कार्यालयाच्या नोंदीनुसार सोमाली चाच्यांचे हल्ले २०११ मधील २३७ वरून २०१३ मध्ये १५ वर आले.

मात्र पकडलेल्या चाच्यांवर खटला कोठे चालवायचा, हा प्रश्न सुटेना. कित्येकांना निःशस्त्र करून सोडून द्यावे लागले. भारताने २०११ मध्ये शंभराहून अधिक चाचे पकडून मुंबईत आणले. त्याचा सूड म्हणून चाच्यांनी ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाची खंडणी घेऊनही सात भारतीय खलाशांना अडकवून ठेवले. त्यांची सुटका ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली. त्या सात घरांनी किती रात्री जागून काढल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही आकडेवारीत मिळत नाही.

भारतात तेव्हा चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाही नव्हता. तो २०२२ मध्ये संसदेत संमत झाला. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ व सागरी कमांडोंनी ‘रुएन’ या अपहृत जहाजावरील १७ खलाशांना सोडविले आणि ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा हा कायदा हाताशी होता.

दशकभर शमलेली चाचेगिरी पुन्हा उफाळली, यातच या अभ्यासाचा बोध आहे. युद्धनौका चाच्याला रोखते. परंतु चाचा घडतो तो किनाऱ्यावर. तेथे कायद्याचे राज्य, सुरक्षित मासेमारी आणि तरुणांच्या हाताला काम असल्यावाचून समुद्रावरील पहारा कधीच उठविता येणार नाही.