एका हाताचा स्वयंपाक

घरातील आजींना अर्धांगवायूचा झटका आला, की त्या रुग्णालयातून परतल्यावर त्यांच्याकडून सर्वप्रथम काढून घेतले जाते ते स्वयंपाकघर. “तुम्ही आता नुसत्या बसा, आम्ही सारे करतो,” असे आपण म्हणतो, आणि ते प्रेमानेच म्हणतो. परंतु ज्या हाताने आयुष्यभर घराला जेवू घातले, त्यास असे एकाएकी निवृत्त करणे प्रकृतीच्या दृष्टीनेही हिताचे नसते, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

अर्धांगवायू हा वस्तुतः हातापायांचा नव्हे, तर मेंदूचा विकार होय. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनीच फुटली, की त्या भागाचे कार्य थांबते. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या अंगावर हुकमत चालविते. म्हणून तेथील आघाताने उजवा हात लुळा पडतो व पुष्कळदा वाचाही जाते. हरवलेले काम मेंदूचा शाबूत भाग काही अंशी शिकून घेतो. मात्र त्यास सराव हवा, आणि तो प्रत्यक्ष कामाचा असला तर अधिक बरा.

याच विचारातून दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमधील डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन संस्थेत लिलियन गिलब्रेथ या विदुषींनी अपंग गृहिणींसाठी नमुन्याचे स्वयंपाकघर आखले. आपल्याकडे १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. नित्याच्या कामांतूनच शरीर व मन पुन्हा कामास लावणे, हा या उपचाराचा गाभा होय.

अशा उपचारातील स्वयंपाकाचे धडे अगदी साधे असतात. लाकडी फळीत खालून दोन न गंजणारे खिळे ठोकतात. त्यांत बटाटा रोवला, की एका हाताने तो सोलता येतो. परातीखाली ओले फडके घातले, की कणीक मळताना ती सरकत नाही. जड पातेले उचलावयाचे नाही, ओट्यावरून सरकवीत न्यावयाचे. आपली विळी येथे फार उपयोगी पडावी असे प्रथम आम्हांस वाटले, कारण तिचे पाते स्थिर असते. पण खाली बसून पुन्हा उठणे अशा माणसास जड जाते, आणि बधिर झालेले बोट पात्यावर गेले तरी कळत नाही. चटक्याचेही तसेच. भांडे तापले आहे की नाही, हे नेहमी चांगल्या हातानेच अजमावावे.

कित्येकांचे हात चालतात, पण कामाचा क्रमच हरवतो. चहासारखी सोपी गोष्ट! तरी भांड्यात पाणी घालण्याआधीच ते शेगडीवर चढते, किंवा चहा गाळून झाला तरी शेगडी पेटलेलीच राहते. त्यांच्यासाठी एकेका पायरीचे चित्र काढून ती चित्रे ओट्यासमोर ओळीने लावतात.

आता आहाराविषयी. या रोगाचे सर्वांत मोठे कारण रक्तदाब, आणि रक्तदाबाचा सोबती मीठ. दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही त्याच चमच्यात मोजावयाचे असते, हे आपण सोयिस्कर विसरतो! ज्या बाई स्वतः आमटी करतात, त्यांच्याच हाती ते मोजून घालणेही असते.

गिळण्याचे स्नायू दुर्बळ झाले असतील, तर घट्ट पदार्थांपेक्षा पाणीच अधिक धोक्याचे ठरू शकते. ते चटकन श्वासनलिकेत उतरते. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर तज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. पेय किती दाट असावे, हे तेच ठरवितात. जेवताना मात्र पाठ ताठ ठेवून बसवावे, आडवे असताना भरवू नये.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. मेंदूच्या उजव्या बाजूस इजा झालेल्या काही रुग्णांच्या लेखी डावीकडचे जग जणू उरतच नाही. ते ताटातील उजवीकडचे सारे संपवितात आणि डावीकडची भाजी तशीच राहते. आपणांस वाटते, भूक नसेल किंवा भाजी आवडली नसेल. आणि ताट उचलले जाते. ते न उचलता नुसते अर्धे फिरवावे. उरलेली भाजी त्यांना दिसते, आणि ते पुन्हा जेवू लागतात.