हेलिकॉप्टर कोणाच्या कामाचे?



ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉली उलटते, मळणीयंत्रात हात सापडतो. अशा जखमीवर लवकर शस्त्रक्रिया झाली तर जीव वाचण्याची आशा असते. पहिल्या तासाला डॉक्टर ‘गोल्डन अवर’ म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋषिकेशच्या एम्समध्ये रुग्णांसाठी हेलिकॉप्टर सुरू झाले. आपल्याकडेही ते हवे, असे वाटणे साहजिक आहे.

पण त्याचा उपयोग किती लोकांना होईल, हे मोजायचे कसे? नकाशावर इस्पितळाभोवती वर्तुळ काढून भागत नाही. फोन केल्यापासूनची मिनिटे मोजावी लागतात.

निपाणी घ्या. बेळगावहून आकाशमार्गे अंतर सुमारे ६० किलोमीटर. ताशी २०० चा वेग धरला तर जायला १८ मिनिटे, परतायला १८. उड्डाणाच्या तयारीला ५ आणि जखमीला सावरून आत घ्यायला २० धरू. झाली ६१ मिनिटे! उलट दारात जीप असेल आणि रस्ता मोकळा असेल, तर कोल्हापूर पाऊण तासावर. मात्र कोगनोळीच्या पुढे महाराष्ट्र लागतो. नुसता बेळगाव जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसलेल्या माणसाच्या हिशेबात कोल्हापूर येतच नाही, आणि निपाणीकर कागदावर उगाच दूर पडतात.

कणकुंबीची गोष्ट निराळी. तिथे घाटरस्त्याने गाडी यायची आणि परत जायची, यातच तास उलटतो. हेलिकॉप्टरला पाऊण तास पुरेल. पण पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकलेले असतात. ते दिवस हिशेबातून वजाच करायला हवेत. रात्रीचेही तसेच, उतरायला उजेडाची, मोकळी जागा लागते.

अमेरिकेत २००५ साली अशी मोजणी प्रसिद्ध झाली. तासाभरात मोठ्या अपघात-रुग्णालयात पोचू शकणारे लोक ८४ टक्के निघाले. त्यात सुमारे २८ टक्के असे, की ज्यांना केवळ हेलिकॉप्टरमुळेच ते शक्य होते. आपल्याला हवा तो आकडा हाच: रस्त्याने न पोचणारे, पण हवेतून पोचणारे किती?

आपल्या वाडीचा हिशेब आपणच करून ठेवावा. रात्री कोणाची गाडी मिळते, १०८ ला यायला किती वेळ लागतो, शस्त्रक्रियेची सोय कोठे आहे, हे लिहून घरात लावा. गाडी येईपर्यंत वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका. रस्त्यावरील जखमीला नेणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.