गाडी स्वस्त होते, तिचे सुटे भाग होत नाहीत

सेकंड हँड लक्झरी एसयूव्ही घ्यायची म्हटली की सगळ्यांची नजर मागितलेल्या किमतीवर जाते. नवी असताना ऐंशी-नव्वद लाखांची सात आसनी जर्मन गाडी आठ-दहा वर्षांनी पंधरा लाखांच्या आसपास अंधेरी-ओशिवऱ्याच्या डीलरकडे उभी दिसते. तेवढ्या पैशांत नवीच घ्यायची तर मधल्या आकाराची साधी एसयूव्ही मिळते. मोह होणं स्वाभाविक आहे, आणि अशी गाडी घेऊच नये असं माझं म्हणणंही नाही. मी घेतली आहे आणि ती अजून चालवतो. पण गाडीची किंमत उतरते तशी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा लाखांना घेतलेल्या गाडीचा हेडलाइट, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन नव्वद लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. बाजारात पाऊल टाकण्याआधी हे मनाशी पक्कं करावं.

आम्ही मुलुंडला राहतो. आईवडील, आम्ही दोघं आणि मुलं अशी सगळी मिळून साताऱ्याकडे गावी जातो. आईला गुडघ्यांमुळे खाली वाकून बसायच्या गाडीत चढता-उतरता येत नाही. म्हणून उंच आणि सात आसनी गाडी हवी होती. बोरिवलीतल्या एका कुटुंबाकडून ती मिळाली. सिंगल ओनर, सर्व्हिसचे सगळे कागद जागेवर, कुठेही ठोकलेली नाही. तरी पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी गाडी पुढच्या डाव्या बाजूला खाली बसलेली दिसली. एअर सस्पेन्शनच्या रबराला चीर पडून हवा झिरपत होती. ती भरून काढण्यासाठी सतत चालून कॉम्प्रेसरही निकामी झाला होता. एका स्ट्रटचंच कोटेशन लाखाच्या पुढे गेलं. यात विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. रबराचं वय झालं होतं, इतकंच. अशा खर्चासाठी पैसे आधीच बाजूला काढलेले असल्याने काम झालं आणि गाडी रस्त्यावर आली.

घाटकोपरच्या माझ्या आतेभावाने त्याच सुमारास तशीच गाडी घेतली. त्याने सगळी जमा रक्कम आणि वर कर्ज असं मिळून किंमत भागवली. गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तेव्हा हातात काहीच नव्हतं. गाडी सोसायटीच्या आवारात कव्हरखाली उभी राहिली आणि हप्ते चालूच राहिले. शेवटी पडेल भावात विकावी लागली. दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच होत्या. फरक पडला तो शिलकीने.

बजेटचे दोन भाग करा

तुमच्याकडे पंधरा लाख असतील तर अकरा-बारा लाखांचीच गाडी शोधा. उरलेल्यात नावावर करण्याचा खर्च, विमा, सगळी ऑइलं, ब्रेक, बॅटरी आणि टायर येतात. एकोणीस-वीस इंची चार टायरच लाखाच्या घरात जातात. त्यावरही काही रक्कम उरली पाहिजे, आणि वर्षभर तिला हात लावायचा नाही. हा हिशेब जमत नसेल तर एक पायरी खाली उतरा. क्यू ७, एक्स ५ किंवा जीएलएसऐवजी क्यू ३, एक्स १ किंवा जीएलए पाहा. त्यांचं वजन कमी, टायर लहान आणि सस्पेन्शन बहुधा साध्या स्प्रिंगांचं असतं.

मॉडेल निवडताना ते भारतात जोडलं जात होतं का, हे विचारा. मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे, ऑडीचा छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि बीएमडब्ल्यूचा चेन्नईजवळ. इथे जोडलेली मॉडेलं रस्त्यावर भरपूर असतात, त्यामुळे त्यांचे भाग मिळतात आणि बाहेरच्या मेकॅनिकांचा हातही त्यांवर बसलेला असतो. पूर्ण आयात झालेलं, क्वचित दिसणारं मॉडेल फार स्वस्त मिळत असेल तर तो भाव का पडला, हे आधी शोधा. त्याचा साधा सेन्सरसुद्धा परदेशातून येईपर्यंत गाडी उभी राहू शकते.

आपल्या रस्त्यांवर काय चालेल

उपनगरातलं रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे मुलुंड ते अंधेरी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रखडत जाणं. अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये तर तो असतोच. साचलेली काजळी जाळायला इंजिन काही वेळ सलग वेगात चालावं लागतं. रोज सिग्नल ते सिग्नल फिरणाऱ्या गाडीत हे अर्धवट राहतं, फिल्टर चोंदतो आणि मोठं बिल येतं. दर पंधरवड्याला एक्स्प्रेस-वेवर जाणं होणार असेल तर डिझेल घ्या, नाहीतर पेट्रोल बरी. पेट्रोल गाडीच्या बाबतीत कंपनीच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा पाहून ठेवा. आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत.

गाडी पाहायला जाण्याआधी आपलं पार्किंग टेपने मोजा. नव्या इमारतींतल्या स्टॅक पार्किंगच्या प्लॅटफॉर्मला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते. मोठ्या एसयूव्हीचं नुसतं वजनच दोन टनांच्या पुढे असतं आणि लांबी पाच मीटरच्या आसपास. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून ती मर्यादा लेखी घ्या. गाडी घरी आल्यावर ती मशीनवर चढत नाही असं कळलं तर रस्त्यावर लावण्यावाचून इलाज उरत नाही.

पाण्यातली गाडी

मुंबईत गाडी घेणाऱ्याने सगळ्यात जास्त सावध राहायचं ते इथे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा तीच दैना झाली. अंधेरी, मिलन आणि मालाड सबवे तर दर पावसाळ्यात भरतात. शिवाय दुसऱ्या शहरांत बुडालेल्या गाड्याही फिरत फिरत इथे येतात. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईतल्या पुरानंतर विमा कंपन्यांकडून लिलावात गेलेल्या गाड्यांत महागड्या गाड्याही होत्या.

लक्झरी गाडीला पाणी जास्त बाधतं, कारण तिच्या कंट्रोल युनिटांपैकी बरीचशी आणि काही मॉडेलांत बॅटरीसुद्धा सीटखाली, कार्पेटखाली किंवा डिकीच्या तळाशी असते. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून चकचकीत दिसते. बिघाड सहा महिन्यांनी, वर्षाने डोकं वर काढतात. कधी खिडकी अडते, कधी गिअर बदलत नाही, कधी गाडी चालूच होत नाही.

बोरिवलीची गाडी मिळण्याआधी एका डीलरकडची परराज्यातल्या पासिंगची गाडी आम्हाला फार आवडली होती. आतून नवीकोरी, किलोमीटर कमी, भावही बाजारापेक्षा खाली. आमच्या मेकॅनिकने आत शिरून ड्रायव्हरचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. सीटच्या रुळांना गंज होता. डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचललं तर खालच्या कोपऱ्यांत बारीक गाळ साचलेला. "साहेब, ही पाण्यातली आहे, फुकट दिली तरी नेऊ नका," एवढंच तो म्हणाला. या तीन जागा तुम्हीही पाहा. त्याबरोबर दिव्यांच्या काचेत आतून बाष्प धरलंय का, कनेक्टरांवर हिरवट थर आहे का आणि गाडीत सुगंधी फवाऱ्याचा अतिरेक झालाय का, याकडेही लक्ष द्या. परराज्यातली पासिंग म्हणजे फसवणूक नव्हे, पण तपासणी दुप्पट हवी.

कागद आधी, गाडी नंतर

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त असण्याचं कारण वेगळं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे अंमलबजावणीत बदल होत राहिले, पण तिथल्या जुन्या डिझेल गाड्यांचा भाव पडला तो पडलाच. अशी गाडी इथे आणली की तिथली एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा वाहन कर नव्याने भरावा लागतो. वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला हा कर १५ टक्के असतो. जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी होतो, तरी मूळ किंमतच मोठी असल्याने रक्कम लाखांत जाऊ शकते. ती धरल्यावर दिल्लीचा स्वस्तपणा कितीसा उरतो, हे कागदावर मांडून पाहा.

अंधेरीची एमएच-०२, बोरिवलीची एमएच-४७ किंवा घाटकोपर-मुलुंडकडची एमएच-०३ पासिंग असली तरी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत आणि गाडीवर कर्ज आहे का, हे पाहा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनांची बाकी विकणाऱ्याकडून भरून घ्या. महागड्या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात. तिथे विक्रीचा अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव मागा. डीलरने पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी सांगितला तर हिशेब विचारा. जुन्या गाडीच्या धंद्यात हा कर साधारणपणे डीलरच्या नफ्याच्या रकमेवर असतो. खासगी मालकाकडून थेट घेतली तर तो लागतच नाही.

सर्व्हिसची फाइल विकणाऱ्याने दाखवली तरी चासी नंबर घेऊन, मालकाच्या संमतीने, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढा. मीटर मागे फिरवलेला असेल तर तो इथे उघडा पडतो. मागच्या वर्षी नोंदलेले किलोमीटर आजच्यापेक्षा जास्त निघाले तर पुढे बोलणंच नको.

स्कॅन आणि चाचणी

फक्त याच जातीच्या गाड्यांवर काम करणारी स्वतंत्र गॅरेजं अंधेरी-जोगेश्वरीकडे आणि एलबीएस मार्गावर आहेत. त्यांना तपासणीचे पैसे द्या. डीलरने सुचवलेला मेकॅनिक मात्र नको. स्कॅन इंजिनाचाच नव्हे, गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलांचा हवा. स्कॅनमध्ये स्वयंतपासण्या अपूर्ण दिसल्या तर बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी गाडी चांगली फिरवून पुन्हा स्कॅन करा.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. बॉनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. एअर सस्पेन्शन असेल तर रात्री चारही चाकांच्या कमानींची उंची मोजून ठेवायला सांगा आणि सकाळी पुन्हा मोजा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. अडखळली किंवा टकटक आली तर ड्राइव्हशाफ्ट किंवा फोर-व्हील ड्राइव्हचं काम निघू शकतं. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का, तेही पाहा, कारण अशा गाडीत वेगवेगळे टायर ट्रान्सफर केसवर ताण देतात. नंतर गर्दीत एसी लावून रखडा आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वेग धरा. गिअर बदलताना झटका जाणवायला नको.

नावावर होईपर्यंत सुटका नाही

पैसे दिले, चावी घेतली म्हणजे व्यवहार संपला असं नव्हे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत अर्ज दाखल झाल्याची पावती स्वतः पाहा. कायद्याने विकणाऱ्याने १४ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला कंपनीला कळवावं लागतं. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडे राहतो, त्यामुळे हप्ता वाढेल. नव्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट जरूर घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करताना इंजिनात पाणी शिरून जे नुकसान होतं, ते साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. आपल्या सबवेंची अवस्था पाहता हा पैसा वाया जाणारा नाही.

ही गाडी आमच्या घराला उपयोगी पडली. आई आधाराशिवाय चढते आणि खंबाटकी घाटात मुलांना गाडी लागत नाही. म्हणून कुणी सल्ला विचारला की मी नाही म्हणत नाही. मी तीन गोष्टी विचारतो: दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम आहे का, सर्व्हिसच्या नोंदी तुम्ही स्वतः काढल्या का आणि तुमच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहिली का. यातलं एकही उत्तर नकारार्थी असेल तर टोकन देऊ नका. "आज संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय" असं विकणारा म्हणेल. येऊ द्या. याच भावाची दुसरी गाडी पुढच्या महिन्यात नक्की मिळेल, गेलेले पैसे मात्र मिळणार नाहीत.