अंगावर पाजणाऱ्या आईची औषधे

तान्ह्या बाळाची आई आजारी पडली, की घरातील वडीलधारी माणसे बहुधा दोन सल्ले देतात. 'औषध घेऊ नकोस, बाळाला बाधेल' हा पहिला आणि 'औषध चालू आहे तोवर बाळाला पाजू नकोस' हा दुसरा. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असले, तरी बहुतेक प्रसंगी ते चुकीचे ठरतात. पहिल्यामुळे आईचा आजार बळावतो. दुसऱ्यामुळे बाळ उत्तम आहाराला आणि दुधातील रोगप्रतिकारक द्रव्यांना मुकते. शिवाय वरचे दूध व अस्वच्छ बाटली यांमुळे जुलाबाचे भय निर्माण होते.

औषध दुधात कसे उतरते?

आईने घेतलेले औषध प्रथम तिच्या रक्तात मिसळते आणि तेथून स्तनातील पेशींमधून दुधात पाझरते. ज्याचे रेणू लहान आहेत, जे स्निग्ध पदार्थांत सहज विरघळते आणि जे रक्तातील प्रथिनांशी फारसे बांधले जात नाही, असे औषध दुधात अधिक उतरते. हेपारिनाचे रेणू मोठे असल्यामुळे ते दुधात जवळजवळ येतच नाही. इन्शुलिन दुधात आले, तरी बाळाच्या पचनमार्गात त्याचे विघटन होते. वजनाच्या मानाने पाहता बाळाला मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर ते औषध सामान्यतः चालण्याजोगे मानतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमॉक्सिसिलिन ही नेहमीची औषधे या मर्यादेत बसतात.

क्षयरोगाचे उदाहरण

आपल्या देशात या प्रश्नाचे महत्त्व क्षयरोगाच्या बाबतीत विशेष जाणवते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन इत्यादी नेहमीची औषधे दुधात अल्प प्रमाणात उतरतात. त्यांमुळे पाजणे थांबवण्याचे कारण नाही. उलट, उपचार अर्धवट सोडल्यास रोग उलटतो आणि पुढे औषधांना दाद देईनासा होतो. मात्र दुधावाटे मिळणारी ही मात्रा बाळाचे क्षयापासून रक्षण करण्यास अपुरी असते. म्हणून बाळाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध स्वतंत्रपणे द्यावे लागते. आयसोनियाझिड घेणाऱ्या आईला ब-६ जीवनसत्त्वही देतात. फुप्फुसाच्या क्षयाचा संसर्ग दुधातून नव्हे, तर खोकल्यातून होतो. तेव्हा संसर्गाचा काळ संपेपर्यंत आईने नाकातोंडावर फडके बांधून बाळाला पाजावे.

कोठे सावध राहावे?

काही औषधांच्या बाबतीत मात्र दुसरा सल्ला खरा ठरतो. कर्करोगावरील बहुतेक औषधे व किरणोत्सर्गी आयोडिनाचे उपचार चालू असता बाळाला पाजू नये. कोडीन व ट्रॅमाडॉल ही वेदनाशामके पाजणाऱ्या मातांनी घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे रूपांतर अतिवेगाने होऊन बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. ॲस्पिरिनही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. सर्दीवरील स्यूडोएफेड्रिन आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यांनी दूध कमी होण्याचा संभव असतो.

अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि दोन महिन्यांच्या आतील बाळ यांचे यकृत व मूत्रपिंड पुरते परिपक्व नसतात. त्यांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. म्हणून आईने कोणत्याही आजारासाठी डॉक्टरांकडे जाताना आपण अंगावर पाजतो हे व बाळाचे वय आपण होऊन सांगावे. झाडपाल्याची औषधेही निर्धोक समजू नयेत. ज्या औषधाचा प्रभाव लवकर ओसरतो, ते बाळाला पाजल्यावर लगेच, शक्यतो त्याच्या दीर्घ झोपेपूर्वी घ्यावे. औषध चालू असताना बाळ नेहमीपेक्षा फार झोपू लागले, दूध ओढेनासे झाले किंवा त्याचा श्वास मंद वाटला, तर त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.