तोंडावरचा रंग कसा उतरवावा?

जत्रेत नाटक होते. कोकणात दशावतार होतो. नट तोंडाला रंग लावतात, भुवया काळ्या करतात. खेळ रात्रभर चालतो. पहाटे रंग उतरवायचा असतो. जागलेल्या माणसाला झोपेची घाई. मग कोणी कपड्याचा साबण घेऊन खसाखसा तोंड घासतो. कोणी राख घेतो, कोणी रॉकेलचा बोळा फिरवतो. रंग जातो, पण तोंडाची आग होते. कातडी सोलते. दुसऱ्या रात्री त्याच तोंडावर पुन्हा रंग चढवायचा!

असे का होते? आपली कातडी स्वतःचे थोडे तेल तयार करते. ते तेल म्हणजे कातडीचे पांघरूण. कपड्याच्या साबणात खार जास्त. तो रंगाबरोबर पांघरूणही धुऊन नेतो.

मग काय करावे? बैलगाडीचे वंगण हाताला लागले, तर नुसत्या पाण्याने निघते का? नाही. थोडे तेल चोळले की सुटते. नाटकाच्या रंगातही बहुधा तेल किंवा मेण असते. म्हणून तो तेलानेच सुटतो.

रीत अशी आहे :

१. आधी हात धुवा.

२. थोडे खोबरेल तेल तोंडाला हलक्या हाताने लावा. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

३. रंग सुटला की जुन्या धोतराच्या मऊ, धुतलेल्या फडक्याने टिपून घ्या.

४. अंगाचा सौम्य साबण किंवा बेसन लावून कोमट पाण्याने तोंड धुवा. तेल राहू देऊ नका. त्याने काहींना पुटकुळ्या येतात.

५. तोंड पुसा, घासू नका. प्रत्येकाचा पंचा वेगळा हवा. एकाच पंचाने पुसले, तर एकाचे आलेले डोळे साऱ्या मंडळीला येतात.

लग्नातले काजळ आणि रंगपंचमीचा तेलकट रंगही असाच उतरवावा. मळणीची धूळ मात्र वेगळी. तिला तेल नको; आधी भरपूर पाणी, मग हलका साबण पुरे.

आणखी एक गोष्ट. पूर्वी तोंड लाल करायला हिंगूळ वापरीत. हिंगुळात पारा असतो. पारा विषारी आहे. असला रंग तोंडाला लावूच नये.

तोंडावर फोड आले किंवा आग थांबली नाही, तर घरचे उपाय पुरे करा. आरोग्य केंद्रात जा.

सोंग एका रात्रीचे असते. तोंड जन्माचे असते. ते जपा.

प्रश्न

१. रंग तेलाने का सुटतो?
२. कपड्याच्या साबणाने तोंड का धुऊ नये?
३. तुमच्या गावात रंग कशाने उतरवतात? दोन ओळी लिहा.