नैराश्यावर उपाय : चालणे की गोळी?

आमच्या बेळगावात पूर्वी एखादा मुलगा घुम्यासारखा बसू लागला की घरातील वडीलधारी माणसे म्हणत, “याला तालमीत घाला.” तांबड्या मातीत चार महिने घाम गाळला की मन आपोआप ताळ्यावर येईल, अशी त्यांची समजूत. पुढे गोळ्या आल्या आणि तालमीची शिफारस अडाणीपणात जमा झाली. आता विद्वान मंडळीच पुन्हा व्यायामाचे नाव घेऊ लागली आहेत. तेव्हा या दोहोंत खरे किती, हे मास्तरकीच्या सवयीप्रमाणे आकडे फळ्यावर मांडून पाहावे असे योजिले आहे. विषय हौसेने निवडलेला नाही. कारण पुढे येईलच.

प्रथम शब्दाचा अर्थ नक्की करू. परीक्षेत नापास झाल्याचे किंवा घरचे माणूस गेल्याचे दुःख म्हणजे हा रोग नव्हे. कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, अंग जड होणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अशी अनेक लक्षणे एकत्र येऊन निदान दोन आठवडे बहुतेक दिवसभर टिकली, तर वैद्य त्यास नैराश्याचा विकार म्हणतात.

आता प्रयोग. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक विद्यापीठ आहे. तेथे जेम्स ब्लुमेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पन्नास व त्यावरील वयाचे १५६ रोगी, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे तीन गटांत वाटले गेले. ५३ जणांनी आठवड्यातून तीन वेळा, देखरेखीखाली, सुमारे अर्धा तास दम लागेल असा व्यायाम करावयाचा. ४८ जणांनी सर्ट्रालीन नावाची गोळी घ्यावयाची. ५५ जणांनी दोन्ही. सोळा आठवड्यांनी तपासले तेव्हा रोगाच्या व्याख्येतून बाहेर पडलेले रोगी अनुक्रमे ३२, ३३ व ३६ भरले.

हे उदाहरण वर्गात घातले तर एखादा चुणचुणीत मुलगा पटकन हात वर करील, “सर, ३६ सर्वांत मोठे, म्हणजे दोन्ही उपाय मिळून उत्तम!” त्याला शेकडेवारी काढावयास लावावी. ती ६०.४, ६८.८ व ६५.५ अशी येते, आणि संख्याशास्त्राच्या तराजूत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे शेवटी तिन्ही गट सारखेच. मात्र वाटेत एक भेद होता. केवळ गोळी घेणाऱ्यांस पहिल्या काही आठवड्यांत अधिक लवकर उतार पडला. हे वाक्य ध्यानात ठेवावे.

त्याच रोग्यांची हकीकत २००० साली पुन्हा प्रसिद्ध झाली. बरे झालेल्यांपैकी दहा महिन्यांपर्यंत किती जणांचा रोग उलटला? गोळीच्या गटात शेकडा ३८, दोन्ही घेणाऱ्यांत ३१, आणि व्यायामाच्या गटात अवघे ८.

हा आठाचा आकडा मी वाचला आणि तेथेच माझे चुकले.

माझा धाकटा भाऊ फाउंड्रीत कामाला. त्याला हा विकार जडला होता. दोन महिने गोळ्या चालू होत्या, थोडे हसू-बोलू लागला होता. मी त्याला आकडे दाखविले आणि सांगितले, “गोळ्यांच्या नादी कशाला लागतोस? पहाटे माझ्याबरोबर चल.” त्याने त्याच दिवशी गोळ्या सोडल्या. फजरची नमाज झाली की आम्ही दोघे किल्ल्याच्या तळ्याला फेरी मारीत असू. दहाबारा दिवस बरे गेले. मग तो उठेना. मास्तरची जीभ, मी आळसावर व्याख्यान दिले. तो म्हणाला, “भाई, यायचं नाही असं नाही. पण चपलेत पाय घालायचा म्हटलं तरी डोंगर वाटतो.” मी ते बहाणा समजलो. महिन्याभराने त्याने आपले घड्याळ व बँकेचे पासबुक अम्मीजवळ दिले आणि “तुझ्याकडेच राहू दे” म्हणाला. अम्मीने रात्रीच मला हाक मारली. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एवढेच विचारले, “गोळ्या कोणी बंद केल्या?” माझ्या तोंडातून शब्द निघेना. भाऊच म्हणाला, “मीच.”

त्यानंतर तो अभ्यास मी पुन्हा, या वेळी नीट वाचला. तो आठाचा आकडा साऱ्या रोग्यांचा नव्हता. जे आधीच बरे झाले होते त्यांच्यापैकी होता. भाग घेणारे जाहिरात पाहून स्वखुशीने आलेले, म्हणजे व्यायामाची थोडीफार ओढ असणारे असावेत. जिवाचे बरेवाईट करतील अशी भीती असलेल्यांना घेतलेच नव्हते. शिवाय औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी घेणारा चौथा गट तेथे नव्हता. ती उणीव ब्लुमेंथाल यांनीच २००७ साली भरून काढली. २०२ रोग्यांच्या त्या प्रयोगात चार महिन्यांनी पूर्ण उतार पडलेले असे होते : देखरेखीखाली व्यायाम शेकडा ४५, घरच्या घरी व्यायाम ४०, खरी गोळी ४७, नुसती दिखाऊ गोळी ३१. दिखाऊ गोळीनेही शेकडा ३१ बरे व्हावेत, यात थट्टा करण्यासारखे काही नाही. काळ, आशा आणि कोणी विचारपूस करणे यांचा तो हिस्सा आहे. वरचा फरक तेवढा उपायाचा, आणि तो उभयतांचा जवळपास सारखा.

२०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांच्या ५२२ प्रयोगांचा एकत्रित हिशेब आला. प्रत्येक औषध दिखाऊ गोळीहून सरस ठरले, पण फरक बेताचा. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्यायामाच्या २१८ प्रयोगांचा हिशेब आला. चालणे-धावणे, योग, वजने उचलणे यांचा गुण दिसला. परंतु त्यांतील बरेच प्रयोग कच्चे असल्याचे लेखकांनीच नमूद केले आहे.

एवढे दूर जावयास नको. शेजारच्या गोव्यातही या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सामान्य दवाखान्यांतील ४५० रोगी होते. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन ही गोळी दिखाऊ गोळीपेक्षा गुणकारी ठरली. २०१७ साली तेथीलच प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील ४९५ रोग्यांचा अभ्यास आला. त्यात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रोग्यांबरोबर बसून, पूर्वी आवडणारी लहानसहान कामे पुन्हा पायरीपायरीने सुरू करविली. तीन महिन्यांनी त्यांतील शेकडा ६४ जणांना उतार पडला. केवळ नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत ३९ जणांना. हा व्यायाम नव्हे, हे खरे. पण चपलेत पाय कसा घालावा याचे उत्तर मला येथे मिळाले.

भावाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावले की गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात; बरे वाटले तरी निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी; आणि सोडावयाची तर त्यांच्या सल्ल्याने, मात्रा हळूहळू कमी करीत. एकदम सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते. त्याचे ते पहिले दिवस तसेच गेले असावेत. मी विचारले नव्हते. मळमळ वगैरे त्रास झाला तर तोही त्यांनाच सांगावयाचा, घरच्या पंडिताला नव्हे. रात्री-अपरात्री मन फारच ढासळले तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो अम्मीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

तिसऱ्या आठवड्यात भाऊ अंगणाच्या फाटकापर्यंत आला. पुढे कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. तळ्याची पुरी फेरी व्हावयास तीन महिने लागले. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. घड्याळ त्याने अम्मीकडून परत मागून घेतले आहे. पासबुक मात्र अजून तिच्याच पेटीत आहे.