पायाइतकंच श्वासाकडेही बघा

चेन्नईच्या साहुकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या आसपास, विटा-खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी आलेली आपली बरीच माणसं आहेत. काहींची भट्टी खाली आणि बिऱ्हाड वर. तुमच्या लेकराला प्रोटियस सिंड्रोम असेल, तर तुमच्याशी थोडं बोलायचंय.

आधी तुमच्याशी, वहिनी. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, अमुक खाल्लं, म्हणून पोराचा पाय असा वाढला, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. या आजाराचं कारण २०११ साली सापडलं. गर्भ वाढताना एका पेशीतल्या एकेटी-१ नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो आणि त्या पेशीपासून जे अवयव बनतात, तेवढेच बेसुमार वाढतात. हा बदल आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. पुढच्या बाळाची धास्ती धरू नका.

वाढलेला पाय, बोटं, वाकलेला कणा सगळ्यांना दिसतो. धावपळ त्याच्यासाठीच होते. पण काही मुलांच्या फुप्फुसातही हवेच्या पोकळ्या, म्हणजे सिस्ट, तयार होतात आणि वाढत जातात. साध्या एक्स-रेत त्या सुटू शकतात; सीटी स्कॅनमध्ये नीट दिसतात. पोर जिना चढताना मध्येच थांबतं, खेळातून लवकर बाजूला होतं, वारंवार खोकतं. पाय जड म्हणून दमलं, असं आपणच ठरवून टाकतो. तसं ठरवू नका. स्टॅन्ली हॉस्पिटलात किंवा सेंट्रल स्टेशनजवळच्या जी.एच.मध्ये, म्हणजे सरकारी जनरल हॉस्पिटलात, हाडांच्या डॉक्टरांना दाखवाल, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडेही पाठवा म्हणून सांगा.

पोकळी फुटली तर हवा छातीत साठून फुप्फुस दबतं. या आजारात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात अडकण्याचाही धोका असतो. म्हणून छातीत एकाएकी कळ आली, धाप लागली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर सकाळची वाट बघू नका. कोणतंही ऑपरेशन ठरलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिस्ट आणि गाठीचा धोका, दोन्ही आधीच सांगा.

आणि दादा, पोटापाण्याचा प्रश्न आहे हे कळतं, तरी सांगते. भट्टीतल्या तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर धडधाकट माणसाच्याही छातीला बाधतो. या लेकराला भट्टीजवळ बसवू नका, जमलं तर बिऱ्हाड दुसऱ्या गल्लीत हलवा. घरात बिडी-सिगारेट तर कुणीच ओढू नये, पाहुण्यानेसुद्धा.